मोठा पिवळा तुकडा

समजा, शाळेच्या भिंतीवर तुम्हाला आफ्रिका रंगवायची आहे. पुस्तकातल्या नकाशावर चौकटी आखा, त्याच चौकटी भिंतीवर खडूने मोठ्या करा, आणि एकेका चौकटीतली रेघ उचलून भिंतीवर ठेवत जा. मग रंग भरा. ज्याचं राज्य त्याचा रंग: इंग्रज गुलाबी, फ्रेंच जांभळा, स्पेन पिवळा.

धुळ्याचे जब्बार पेंटर हेच करत. देश स्वतंत्र होत गेले तसा गुलाबी-जांभळा खरवडून ते नवे रंग भरत राहिले. पश्चिम किनाऱ्यावर मात्र पिवळा टिकला होता. वर इफ्नी नावाचा एवढासा ठिपका आणि खाली वाळवंटाचा मोठा तुकडा, स्पॅनिश सहारा.

त्या ठिपक्यात त्यांचा धाकटा भाऊ रहीम राहायचा. मुंबईहून जहाजावर भांडी घासायला लागलेला हा पोरगा स्पेनच्या बेटांवर उतरला आणि एका सिंधी शेठच्या कापडदुकानात चिकटला. शेठने इफ्नीत दुसरं दुकान काढलं, तिथे त्याला बसवलं. सुट्टीच्या दिवशी त्यांची आई खातून शाळेत येऊन ठिपक्यावर बोट ठेवी, तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटे आणि घरी जाई.

एकोणसत्तर साली स्पेनने इफ्नी मोरोक्कोला देऊन टाकलं. शेठ तिथलं दुकान बंद करणार होता. रहीमने पत्रातून विचारलं, घरी येऊ की खाली सहाऱ्यात, एल आयून गावातल्या शेठच्या दुकानात जाऊ? जब्बारची बायको आबेदा म्हणाली, बोलवा, इथे एखाद्या यंत्रमागावर कामाला लागेल. जब्बार उत्तर शोधायला भिंतीपुढे जाऊन उभे राहिले.

"ठिपका ब्रशच्या एका हाताने जातो," घरी येऊन त्यांनी सांगितलं. "खालचा तुकडा बघ, जवळजवळ महाराष्ट्राएवढा. एवढं राज्य कोण सोडतं?"

"तुमच्या भिंतीवर माणसं राहतात का हो?" आबेदा म्हणाली.

पण मोठ्या भावाचा शब्द. रहीम एल आयूनला गेला.

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात चहाच्या टपरीवरच्या रेडिओने सांगितलं, की मोरोक्कोची लाखो माणसं पायी सहाऱ्यात शिरली आणि स्पेनने जायचं कबूल केलं. त्यानंतर रहीमचं पत्र आलं नाही. शेठकडून एवढंच कळलं, की दुकानाला कुलूप आहे, गावातले पुष्कळ लोक पूर्वेला, अल्जीरियाच्या दिशेने वाळवंटात पळाले आणि रहीम शेजाऱ्यांच्या ट्रकमध्ये चढताना कुणाला तरी दिसला. पळणाऱ्यांवर मोरोक्कोच्या विमानांनी बॉम्ब टाकले, हे रेडिओवर आलं. जब्बारनी ते घरात सांगितलं नाही. आबेदाने त्या भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

शाळा उघडायच्या आधी तिथल्या चुडामण गुरुजींनी बोलावणं धाडलं. स्पेनचा तुकडा दोन शेजारी देशांनी वाटून घेतला होता. पिवळा काढायचा, वर मोरोक्को, खाली मॉरिटानिया, मधून रेघ.

"तिथल्या लोकांना कोणता रंग, गुरुजी?" जब्बारनी विचारलं.

"ते म्हणतात आमचा देश वेगळा. पण अजून पुस्तकात नाही, जब्बारभाऊ. येईल तेव्हा बघू."

जब्बारनी खरवडायला घेतलं. पिवळा चिवट होता. त्यांनीच दोन हात जाड दिला होता, टिकावा म्हणून. दुपारपर्यंत पिवळ्याचा मागमूस उरला नाही.

रविवारी खातून आली. तिचं बोट सवयीने मोठ्या पिवळ्या तुकड्याच्या जागी गेलं, नव्या रंगावर थांबलं, मग रेघेवरून खालीवर फिरत राहिलं.

"रहीम कुठल्या बाजूला राहिला?" तिने विचारलं.

जब्बारनी आईचा हात धरला आणि बोट पूर्वेला नेलं, सहाऱ्याच्या हद्दीबाहेर, अल्जीरियाच्या रंगापर्यंत. तिथे कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. बोट हवेतच राहिलं.

ठिपका पुसला तेव्हा रहीम तरी उरला होता, कुठे जाऊ असं विचारायला. एवढा मोठा तुकडा पुसल्यावर त्यातली माणसं कुठे जातात?