जर्मनीची तालीम आणि पारोळ्याचं दार

सायकलवर परदेश फिरायचा बेत असेल तर पहिला सल्ला: नकाशा आधी घ्या, सायकल नंतर. आम्ही उलटं केलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, इंटरनेट नव्हतं. जळगावात मी पोस्टात होतो आणि माझा मित्र वसंता शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने जर्मनीहून पत्रात लिहिलं, की इथे वेझर नावाच्या नदीच्या काठाने गावोगाव सायकलचा रस्ता जातो, चढ फारसे नाहीत, गाइडची गरज नाही. झालं! पत्र वाचलं त्याच आठवड्यात आम्ही कॅरियर मजबूत करून घेतले आणि ताडपत्रीच्या पिशव्या शिवायला टाकल्या. नकाशा तीन महिन्यांनी टपालाने आला.

खरी अडचण घरी होती. माझं लग्न झालेलं नव्हतं. आई नव्हती. वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि त्यांना महिनाभर एकटं ठेवणं शक्य नव्हतं. त्यावर एकच तोड होती: माझी मोठी बहीण, अक्का. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी नांदणाऱ्या लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ मुराळी होऊन जातो. अक्का पारोळ्याला दिलेली. या खेपेस आखाजीला येऊन मी परतेपर्यंत आबांजवळ राहायचं तिने कबूल केलं होतं. ती आली तर जर्मनी, नाहीतर नकाशा भिंतीला लावायचा, इतका साधा हिशेब होता.

फेब्रुवारीत तालीम म्हणून जळगाव ते धुळे आणि परत अशी दोन दिवसांची फेरी ठरली. साधारण नव्वद किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे, सगळं सामान लादून. नियमही ठरले. वाटेत कोणाही ओळखीच्याकडे जायचं नाही, जेवायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. जर्मनीत कोण आपला मावसा बसलाय?

पहाटे निघालो. गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी मागे पडलं, आणि एरंडोलपर्यंत पाय मजेत चालले. तिथे चहा-पाव. (तुम्ही जाल तर इथेच पोटभर खाऊन घ्या.) पुढे पश्चिमेचा वारा तोंडावर आला आणि सामानाचं वजन दुप्पट वाटू लागलं. शेजारून जाणारा प्रत्येक ट्रक आम्हाला डांबरावरून खाली मुरमात उतरवायचा. अकराच्या सुमारास पारोळा आलं. तेव्हा हायवे गावातूनच जायचा. स्टँडपाशी आम्ही क्षणभर टेकलो, लोक जमायला लागले तसे निघालो. अक्काचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

मुकटी, फागणे करत चारला धुळ्यात पोहोचलो. स्टँडजवळच्या लॉजवर वीस रुपयांत दोन खाटा मिळाल्या, आणि समोरच्या खाणावळीत शेवभाजी इतकी तिखट होती की वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाय शाबूत होते, एकही पंक्चर नव्हतं. तालीम पास झाल्यासारखीच होती.

दुसऱ्या दिवशी परतताना पारोळ्याच्या स्टँडवर अक्काचे यजमान, आमचे दाजी, रस्त्यात उभे. "चला," एवढंच म्हणाले. आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला तिथेच पाहिलं होतं. आम्ही घरीच येतोय असं समजून ते पुढे पळाले आणि घरात सांगून आले. अक्काने दोन ताटं जास्त मांडली आणि दुपार टळेपर्यंत कोणाला जेवू दिलं नाही.

घरी गेल्यावर अक्काने पाणी दिलं. मग आमच्या अहिराणीत म्हणाली, "काय रे, मनं दार बंद व्हतं का? तू दारवरथून गया नि हाक बी नही मारी. मनी सासू म्हणे, तुना भाऊले तुनी वळख नही ऱ्हायनी."

मी म्हणालो, "अक्का, तालीम होती. नियम वसंताचा होता."

वसंताने माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या तोंडाला लावला.

"मंग आखाजीले मुराळी येऊ नको," अक्का म्हणाली. "मी येनार नही."

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांची जीभ तेव्हा थोडी अडखळायची, पण हे वाक्य स्वच्छ आलं: "जर्मनीनं नंतर पाहू. पहिले पारोळाले जाय."

आखाजीच्या दोन दिवस आधी मी एस्टीने गेलो. अक्का येईल याची मला खात्री नव्हती. ती पिशवी भरून ओसरीत बसली होती. "मी आबासाठे येई ऱ्हायनू, तुनासाठे नही," म्हणाली आणि जळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

जर्मनीबद्दल थोडक्यात सांगतो. म्युंडेन गावाहून ब्रेमेनपर्यंत आम्ही आरामात तीन आठवडे घेतले. चारशेच्या आसपास किलोमीटर, रस्ता गुळगुळीत, खुणा जागोजाग. तंबूची जागा स्वस्त पडते, ब्रेड आणि चीज दुकानातून घ्यावं, रविवारी सगळं बंद असतं म्हणून शनिवारीच सामान भरावं. माणसं सभ्य. हात हलवतात, रस्ता नीट समजावतात. पाचव्या दिवशी एका गावातून जाताना वसंता म्हणाला, "तुझा नियम इथे फार सोपा आहे. कोणी बोलावतच नाही." मी पायडल मारत राहिलो.

परतलो तेव्हा आबा धुतलेल्या धोतरात खुर्चीवर बसले होते. अंगावर थोडं मांस चढलं होतं. शेजारच्या काकू जवळ बसल्या होत्या. अक्का सकाळच्या एस्टीने गेली होती. माझी गाडी दुपारची, हे तिला माहीत होतं.

"थांब म्हनं मी," आबा म्हणाले. "थांबनी नही."

पुढे सणवार झाले, बोलणंचालणं झालं, लग्नकार्यात आम्ही शेजारी बसून जेवलो. पण जर्मनीबद्दल तिने आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. माझ्याकडे आता फोटोंचा एक अल्बम आणि थंडीत कुरकुरणारा गुडघा उरलाय. वसंता गेला, त्यालाही चार वर्षं झाली. अक्काला हल्ली दिसत नाही. तिची नात हा ब्लॉग तिला वाचून दाखवणार आहे, म्हणून शेवटचं तिच्यासाठी.

अक्का, त्या दिवशी आम्ही तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो होतो. तुझं दार मला दिसत होतं, उघडं होतं. वसंता म्हणाला, "दोन मिनिटं जाऊन येऊ, बहीण आहे." "नको," असं मीच म्हणालो. नियम माझा होता. चुकलं माझं.