दुपारची ड्युटी

मुलगी साडेतीन वर्षांची झाली आणि दुपारी झोपायची बंद झाली. आदल्या आठवड्यापर्यंत वरण-भात खाऊन माझ्या दंडावर डोकं ठेवलं की पाच मिनिटांत घोरायला लागायची. मग एका सोमवारपासून नाही म्हणजे नाहीच. शेजारच्या बायका म्हणाल्या, मोठी झाली आता. मला तिचं मोठं होणं परवडणारं नव्हतं.

मी अमरावतीत एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीची नर्स. नवरा अकोल्याला नोकरीला. सकाळी तो तिला बालवाडीत सोडून बडनेऱ्याहून गाडी पकडायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. मी नऊला घरी येऊन स्वयंपाक, धुणं उरकेपर्यंत तिची बालवाडी सुटायची. झोपायला उरायचे एक ते चार. ते तीन तासही गेले की माणसाचं काय होतं ते सांगते. वाईट वाटत नाही. राग येतो, तोही थोडे दिवस. नंतर काहीच येत नाही. भाजीत मीठ आहे की नाही कळत नाही. पोर गळ्यात पडली तर कुणीतरी पिशवी अडकवल्यासारखं वाटतं. एकदा वॉर्डात एका बाईचं इंजेक्शन दुसरीच्या सलाईनला लावता लावता माझा हात थांबला. दरदरून घाम फुटायला हवा होता. मी नुसता ट्रे बदलला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

फोनवर शोधलं तर दुपारी न झोपणाऱ्या मुलांना एकट्यानं, आवाज न करता रमवायचे ढीगभर उपाय निघाले. लाकडी ट्रे, रंगीत मणी, आणि त्यामागे नुकत्याच न्हाऊन आलेल्या, हसऱ्या आया. मला त्यांचा चांगलाच राग आला. माझ्याकडे परात होती. परातीत तुरीच्या शेंगा दिल्या. दाणा सुटला की 'आई, पाय ना!' म्हणत तो माझ्या डोळ्यांसमोर धरायची. कपड्यांचे चिमटे बादलीच्या काठाला लावायला दिले. दहा मिनिटं टिकले. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला दिला, तर बाईसाहेबांनी काड्या ठेवल्या आणि पानं फेकली. कापसातून सरकी काढणं तिला खरंच आवडलं. पण निघालेली प्रत्येक सरकी मला दाखवायला आणायची, आणि मी डोळे उघडत नाही म्हटल्यावर माझ्या पापण्या स्वतःच्या बोटांनी वर करायची. त्या दुपारी मी तिच्यावर इतकी ओरडले की खालून घरमालकीणबाई वर आल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या धंद्यातलंच काढलं. म्हटलं, "आजपासून तू सिस्टर आणि मी पेशंट. हे तुही ड्युटी आहे." जुनी वही आणि रंगीत खडू दिला. खोलीच्या भिंतीशी बाहुल्या, हत्ती, एक डोळा गेलेलं अस्वल असे सगळे ओळीनं झोपवले. नियम सांगितले. सिस्टर मोठ्यानं बोलत नाही. पाय आपटत नाही. थोड्या थोड्या वेळानं राउंड घ्यायचा, पेशंटचा श्वास चालू आहे ना ते बघायचं आणि वहीत एक रेघ मारायची. झोपलेल्या पेशंटला उठवायचं नाही. चार वाजता माझा मोबाईल वाजला की ड्युटी खलास.

तिला ते पटलं. मी काय सांगू, असं पटलं की पहिल्या दिवशी मी सलग तीन तास झोपले आणि उठले तेव्हा वहीचं पान रेघांनी भरलेलं होतं. पुढचे सगळे दिवस तसेच. अस्वलाचा ताप आइस्क्रीमच्या काडीनं मोजायची, हत्तीच्या पायाला रुमाल गुंडाळायची, सगळं ओठ मिटून. पुढे ऊन तापून कूलर लागला, तेव्हा तर त्याच्या घरघरीत तिची चाहूलही लागायची नाही. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "लय समजदार आहे बाप्पा पोरगी तुमची. घरात लेकरू आहे असं वाटतच नाही." मी हसायचे. अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त झोप मिळत होती, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

एका रविवारी नवरा म्हणाला, "हे अशी गपगार काहून राहून राहिली?"

"मंग काय गोंधळ पायजे तुमाले घरात?" मी म्हटलं. तो बिचारा पेपर वाचायला लागला.

चैत्रातली गोष्ट. चारला मोबाईल वाजला. एरवी तो वाजताच ती 'ड्युटी खलास!' म्हणत माझ्या अंगावर उडी घ्यायची. त्या दिवशी आली नाही. बघितलं तर बाहुल्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर वही, हातात खडू. पानावरच्या रेघा सुरुवातीला सरळ होत्या, मग वाकड्या, मग पानभर घसरत गेलेल्या. कपाळाला हात लावला तर चटका बसला. एकशे तीन.

"काहून नाही उठवलं मले?"

"तू झोपली होती ना."

"अवं, पण तुले ताप आहे!"

"मंग?" ती म्हणाली. "तुले ताप होता तवा तू बी गोळी खाऊन ड्युटीवर गेली होती. तू सांगतलं का पेशंटले?"

थंडीत तसं झालं होतं. मी विसरले होते, तिनं नाही.

हात आपोआप चालले. औषध मोजून पाजलं, कपडे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसून घेतलं, नवऱ्याला फोन केला. साधाच ताप होता, दोन दिवसांत उतरला, पण ते नंतर. त्या वेळी औषध पोटात गेलं आणि ती माझ्या मांडीवर झोपली. कितीतरी महिन्यांनी ती दुपारची झोपली होती.

तापातलं मूल औषधानंतर झोपतं, त्याला झोपू द्यायचं असतं, हे मी वॉर्डात येणाऱ्या आयांना अगदी दरडावून सांगते. आणि मीच तिचे गाल थोपटत होते. ऊठ म्हणत होते. डोळे उघड, माझ्याशी बोल. या झोपेसाठी मी काय काय केलं होतं, आणि आता ती मला एक मिनिटही सहन होत नव्हती. तिचा श्वास नीट चालला होता, नाडी ठीक होती, सगळं मला कळत होतं. तरी मी तिला हलवत राहिले. "आई म्हण. एकदा म्हण. मोठ्यानं म्हण!"

तिनं डोळे अर्धवट उघडले. बोट ओठांवर ठेवलं, आणि मला जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "हळू बोल ना, आई."

मी हळू बोलले नाही. इतक्या महिन्यांनी मला रडू आलं, आणि मी तिच्यासमोर, तोंडाला ओढणी न लावता, मोठ्यानं रडले.