हाकारणं

बाळांनो, परवा फोनवर मी ‘हाकारलं’ म्हणाले आणि तुम्ही दोघांनी विचारलंत, म्हणजे ओरडलीस का? ते नीट सांगायचं तर थोरल्या आजीची गेल्या आठवड्यातली गोष्टही सांगावी लागेल. ती तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी, म्हणून आजच लिहायला बसले.

शब्द जुना आहे. प्राकृतात ‘हक्क’ म्हणजे मोठ्याने घातलेली साद. त्यातून आपली हाक आली, बैल हाकणं आलं आणि हाकारणंही. ओरडणाऱ्याला उत्तर नाही मिळालं तरी चालतं. हाकारणारा ओ येईपर्यंत थांबतो.

सेनगावकडच्या आपल्या गावात सुनांनी मोठ्यांची नावं घ्यायची नाहीत, म्हणून शेतात प्रत्येक घराची हाक ठरलेली. आपली ‘होऽ ओऽ’, शेवट वर चढवलेला. भाकरीच्या वेळी बांधावरून मी तीच घालायची. सासरे, दीर, जाऊबाई, जो ऐकेल तो ओ द्यायचा.

थोरल्या आजीला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, हल्ली काही आठवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी दुपारी त्या घरातून निघाल्या आणि तुरीत शिरल्या. तूर डोक्याच्या वर गेलेली, आणि पलीकडच्या विहिरीला कठडा नाही. त्यांची मुलं ‘आई, आई’ ओरडत पळत होती, शेजारी ‘काकू’ म्हणून ओरडत होते. त्या गलक्यात त्यांनी ओ दिली असती तरी कुणाला ऐकू आली नसती.

मी सगळ्यांना गप्प केलं. थोरला पुतण्या म्हणाला, काकू, ऊन आहे, तुम्ही घरी बसा. मी बांधावर चढले आणि हाकारलं. थांबले. पुन्हा हाकारलं. आवाज फाटला होता, तरी शेवट वर चढवला. मग विहिरीच्या अंगाने तूर हलली.

“व्हय, येऊन राहिले की. काहून एवढं हाकारून राहिली? भाकर काय पळून चालली?”

मी कोण ते त्यांना कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. घरी आणून जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाळी बसवून घेतली आणि त्यांच्या दोन्ही सुनांना बांधावर उभं करून ती हाक शिकवली. आधी लाजल्या, पण मी सोडलं नाही.

जाऊबाईंना आता माझं नाव आठवत नाही, मुलांचीही नाहीत. घराची हाक ऐकली की त्या अजून ओ देतात.