लव्हॉनचा लाल दगड

अर्धी उतरण उतरल्यावर लव्हॉनच्या लक्षात आलं की बाटलीत थेंबभरही पाणी उरलेलं नाही. प्यायली असती तर गोष्ट वेगळी. पण या बाईंनी सगळं दगडांवर ओतलं होतं. ऑरेगॉनच्या या उंच, कोरड्या माळावर दगड वेचणाऱ्यांची ही खोड जुनीच. धुळकट दगड उचलायचा, पाणी शिंपडायचं आणि रंग बघायचा. ओला झाला की दळभद्री दगडही नटतो.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला, पण सुट्टी मिळाली की ती आणि नवरा आर्डेल हा माळ तुडवायला हजर. आता चार पावलांत त्याला धाप लागते, म्हणून तो खाली पिकअपमध्ये बसून राहतो. सोमवारी त्याला वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. सकाळी तो एवढंच म्हणाला होता, "एक चांगला लाल आण गं. तिथं हातात धरायला."

दिवसभर वेचून पिशवी जड झाली, पण मनासारखा लाल काही गवसेना. आता पिशवी ओढवेना, जीभ टाळूला चिकटली होती. शेवटी तिने पिशवी जुनिपरच्या झाडाखाली रिकामी केली आणि घशाला ओल यावी म्हणून जमिनीवरचा हाताला लागला तो खडा तोंडात टाकला. फार थकली होती बिचारी.

तिला बघून आर्डेलने पिकअपचं दार उघडलं. "दगड कुठायत?"

तिने तोंडाकडे बोट केलं.

"सगळे गिळलेस की काय?"

तिने खडा त्याच्या तळहातावर काढला आणि गाडीतली बाटली तोंडाला लावून तळ गाठला.

"अगं, लाल आहे हा! बघ तरी, बीटासारखा!"

खरंच लाल होता. पण त्या वाऱ्यात ओल टिकणार किती? बघता बघता दगड मातकट झाला.

"पाणी दे जरा."

"संपवलं मी." लव्हॉनला रडू कोसळलं. "एवढं एक मागितलंस, तेही मेलं मला आणता आलं नाही."

"गप गं, वेडे."

आर्डेलने तो तिचा उष्टा दगड स्वतःच्या तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला, मग बाहेर काढून तिच्यासमोर धरला.

"लाल आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली.

त्याने तो परत तोंडात ठेवला आणि हातानेच खूण केली, चल, गाडी काढ.