मास्तरांचा तयार खुंट

तयार कपडे घालणाऱ्याला शिंपीमास्तर माणसांत धरतच नसत. असा कुणी दुकानावरून गेला की कात्री थांबवून म्हणायचे, "बघा, गोणपाट चाललंय!" मग हातातल्या कोटाची कॉलर उलटून आतलं अस्तर दाखवायचे. "कोट आतून बसावा लागतो, आतून!" ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

दातांनी दोरा तोडायची खोड. एक दिवस पुढचा दातच तुटला. डॉक्टरीणबाईंनी मूळ काढून हाडात स्क्रू बसवला. तो हाडात पक्का धरल्यावर म्हणाल्या, "आता स्क्रू आणि वरची दाताची टोपी यांच्यामध्ये खुंट लागतो, त्याला अबटमेंट म्हणतात. तयारही मिळतो. मागच्या दाढेला मी खुशाल तोच लावते. पण तुमचा दात पुढचा, स्क्रू जरा तिरका, हिरडी पातळ. याला माप घेऊन करून घेऊ. थोडे दिवस थांबा."

थांबायचं कसलं! खिंडार घेऊन गिऱ्हाइकापुढे उभं राहणं मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं.

"टोपीखालचं कोण बघतंय, बाई? तयार लावा, जरा घासून."

बायको शेजारीच होती. "अहो, हे तुम्ही बोलताय?"

"तू गप्प बस. दातातलं काय कळतं तुला?"

बाईंनी पुन्हा समजावलं, शेवटी हात टेकले.

दात दिमाखात बसला. मास्तर आठवडाभर विनाकारण हसत होते. मग हिरडी सुजली, अन्न अडकू लागलं, हिरडी वर सरकली आणि दाताच्या बुडाशी खुंटाची काळपट रेघ उघडी पडली. एवढे तोंडाळ मास्तर, पण आता ओठ मिटून पुटपुटायचे. गिऱ्हाईक छातीचं माप कंबरेचं समजायचं. तयार कपड्यांवरचं व्याख्यानही बंद पडलं. तेवढा एक फायदा झाला.

शेवटी निमूट दवाखाना गाठला.

"नवा खुंट करून देते," बाई म्हणाल्या, "पण हिरडी पूर्वीसारखी खाली येईलच असं नाही."

"माप घ्या," मास्तर खाली बघत म्हणाले. "नीट घ्या. घाई नाही."

बाईंनी मापाचा लगदा भरलेला साचा तोंडात दाबला. मास्तरांना आता हूं की चूं करता येईना. बायकोनं ही संधी बरोबर साधली. खुर्ची पुढे ओढून, पदर सावरून म्हणाली, "बाई, अस्तर तेवढं चांगलं लावा हं. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे, आतून बसावं लागतं."

मास्तरांनी डोळे वटारले. लगदा घट्ट होईपर्यंत तेवढंच करता येत होतं.