नांद्रुकावरून उंबरावर

आफ्रिकेत एक बाई होती. तिचं नाव मला माहीत नाही, मालकांनाही ते नीट उच्चारता यायचं नाही. मी तिला कधी पाहिलं नाही. तरी जन्मात मी कुणाचा सर्वांत जास्त हेवा केला असेल तर तिचा. जावेचा नाही, शेजारणीचा नाही. त्यांचं सगळं मला रोज दिसत होतं आणि त्यात हेवा करावा असं फार काही नव्हतं.

माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, जावळीच्या डोंगरात. चौथी झाली आणि मला मलकापूरला दिलं. मालक पलटणीत लॉरी चालवायचे. लढाई पेटली तसे ते बोटीनं केनियाला गेले. ते गेले तेव्हा मला दिवस गेलेले होते. मुलगा झाला. रांगायला लागला आणि तापानं गेला. त्या काळी बहुतेक घरांत असं एखादं जायचं. रडायला वेगळा वेळ मिळत नसे. धारा काढायच्याच होत्या.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नाही, तेरावं नाही, पुढं श्राद्धही नाही. बायकांनी मातीला जायचं नाही. सासरे आधीच वारले होते, म्हणून धाकटे दीर त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मी दारातून पाहिलं, ते खांद्यावर कुदळ टाकून आमच्याच रानाच्या वाटेनं वळले. त्या रानात मोठं झाड एकच होतं, नांद्रुकाचं. वडाच्या जातीचं, गर्द सावलीचं. मी मनाशी समजले. पुढं वैरणीला गेले की भारा बांधून त्या झाडाच्या बुडाला टेकायची. कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

लढाई संपल्यावर मालक परत आले. अंगानं वाळलेले, पण बोलणं वाढलेलं. पूर्वी जेवताना मीठ मागायला तोंड उघडत नसत, ते आता ताटावर बसले की केनिया सुरू. पारावर माणसांना हत्ती आणि सिंह सांगायचे. घरात मला मात्र त्या बाईचं सांगायचे.

ती त्यांच्या तळाच्या शेजारच्या वाडीत राहायची. पाठीवर लाकडाचा केवढा तरी भारा, आणि त्याचा पट्टा कपाळाला लावलेला. मालकांना हिवताप आला, पलटणीच्या दवाखान्यात जागा नव्हती, तेव्हा तिनं त्यांना आंबील आणून दिली.

"किती वर्सांची हुती?" मी विचारलं.

"आसंल तुझ्यापरीस थोरली."

"थोडी का लय?"

"आगं, बायामाणसाला वय इचारत्यात व्हय?"

"मग काय काय इचारलं?"

यावर ते हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग एकदा बोलता बोलता म्हणाले, तिच्या डोईवर केस नव्हते, तुळतुळीत भादरलेली. आमच्याकडं डोई भादरलेली बाई म्हणजे नवरा मेलेली. म्हणजे एकटी राहणारी विधवा, आणि आजारी शिपायाला आंबील पाजते. मी चार लोकांत बोलले नाही, पण भाकरी थापताना परातीवर हात जोरात पडायला लागला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "परात फुटंल की गं. कुणावरचा राग हाय?" मी म्हटलं, पीठ घट्ट झालंय.

पुढं कितीतरी दिवसांनी मालकांच्या तोंडून निघालं, तिचा नवरा मोठा हुशार गडी होता, मधाची पोळी झाडावर चढून काढायचा.

"तिला नवरा कुठनं आला? डोई भादरलीया म्हणाला न्हवं?"

"तिकडं नवरा आसल्यावरच भादरत्यात."

एवढे दिवस मी फुकट जळले. पण हेवा काही गेला नाही. उलट वाढला, कारण विधवेची कीव तरी करता आली असती. आणि त्यातच मालक म्हणाले, "आंबील जरा आंबट कर की. तिची चांगली जिभंला लागायची." मी पीठ इतकं आंबवलं की वास शेजारच्या घरात गेला. ती आंबील आत्याबाईंनी म्हशीला घातली. मालक मात्र दोन वाडगे प्याले आणि म्हणाले, "आता जमली." मला वाटलं, वाडगं डोक्यात घालावं.

तिचं सगळ्यात मोठं सांगणं झाडाचं होतं. मालकांच्या तळासाठी तिथलं रान तोडत होते आणि लाकूड लॉरीनं ओढायचं काम यांच्याकडं होतं. एक दिवस ती बाई येऊन एका झाडाला हात लावून उभी राहिली, हलेना. तिथं एक गुजराती दुकानदार होता, त्याला तिची भाषा यायची. त्यानं हिंदीत समजावलं. त्यांच्यात रान साफ केलं तरी एक मोठं झाड ठेवतात. तोडलेल्या सगळ्या झाडांत जे कोणी आत्मे राहत होते ते या एका झाडावर येऊन बसतात. आणि ते झाडही काढायची वेळ आलीच, तर आधी त्याचीच एक फांदी घ्यायची, एक टोक या झाडाला टेकवायचं आणि दुसरं टोक दुसऱ्या जित्या झाडाला. म्हणजे वरच्यांना पलीकडं जाता येतं. मगच कुऱ्हाड. नाहीतर ते बेघर होतात आणि गावाच्या मागं लागतात. हे काम खरं तर तिथल्या म्हाताऱ्या पुरुषांचं, पण त्या दिवशी सांगायला तीच आली.

"केवढं शानपन हाय बघ," मालक म्हणाले. "सगळं गेलं तरी जागा ऱ्हाती. माणसाला धीर येतो आसं ऐकलं की. तिथं लढाईत रोज कायतरी मोडलेलं बघत हुतो आमी."

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आमच्या जावळीत देवराई हाय. तिथली वाळकी काडी कुणी चुलीला घालत न्हाई. झाड तोडायचं तर आदल्या सांजंला बुडात तांदूळ ठिवून सांगत्यात, बाबा, उद्या येतो, जे आसतील त्यांनी दुसरीकडं जावा. हे मी तुमाला लगीन झालं त्याच वर्सी सांगितलं हुतं. तवा तुमी काय म्हणाला?"

"काय म्हणालो?"

"जावळीची माणसं झाडाला भित्यात, म्हणाला."

ते टोपी घालून पारावर निघून गेले. मला बरं वाटलं, पण संध्याकाळपर्यंतच. घरच्या बायकोनं सांगितलं तर भित्री, आणि बोटीनं जाऊन परकीकडून ऐकलं तर शहाणपण. हेवा म्हणतात तो हा. तिच्या रूपाचा नव्हता. मालकांचे कान तिच्याकडं होते, त्याचा होता.

मग विहिरीचं निघालं. दिरांना ऊस लावायचा होता आणि पाटाचं पाणी पुरत नव्हतं. पाणाड्या नारळ हातावर घेऊन रानभर फिरला आणि नांद्रुकाच्या बुडाशी थांबला. म्हणाला, पाणी इथंच आहे, झाड काढावं लागेल. सांगलीकडचे विहीर खोदणारे यायचे ठरले. त्याआधी झाड पाडायचं होतं.

मी काही बोलले नाही. आत्याबाई आणि दीर सगळं जाणून होते, तेही बोलले नाहीत. बोलले ते मालक. जेवताना म्हणाले, "झाड काढूया, पण त्याच्या आधी मी फांदी टेकवणार."

दीर हसले. "लॉरी चालवायला गेलता का देवरुषी व्हायला?"

"तिकडची देवी पन आणलीस व्हय रं?" आत्याबाई म्हणाल्या. "आता हितल्या म्हसोबाला काय सांगू?"

मला हसू आलं नाही. अंगाचा भडका झाला. माझं पोर त्या झाडाखाली, आणि त्याच्यावर हे त्या बाईचं शिकलेलं करणार. सकाळी मालक फांदी बघायला रानात गेले, मी वैरणीचा विळा-दोर घेऊन मागून गेले. ते वर बघत उभे होते, कुठली फांदी लांब आहे ते.

मी म्हटलं, "आवं, त्या बाईचं सोंग करायच्या आदी खाली बघा. खाली कोण हाय ठावं हाय का तुमाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली मातीतच बसले.

"मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"तुमी इचारलं कवा? हत्ती सांगितला, सिंह सांगितला. पोराचं एक दिस तरी इचारलं?"

"इचारायचं कसं तेच कळंना. घरात कुणी नाव काढत न्हाई." मग म्हणाले, "तिनं इचारलं हुतं."

"कुणी?"

"तिनंच. पोर गेल्याची तार आली तवा मी भाकरी खाईना झालो, तर तिनं गुजरात्याला मधी घालून इचारलं. पोराला कुठं ठिवलं, कुठल्या झाडाखाली. मला सांगता आलं न्हाई. ती म्हणाली, बाप आसून ठावं न्हाई?"

माझ्या पोराची पहिली चौकशी तिनं केली होती. माझ्या सासरात नाही, माहेरात नाही, समुद्रापलीकडं, टक्कल केलेल्या एका बाईनं. मी त्या वेळी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. विळा मातीत रोवला आणि म्हटलं, "आसंल. पण फांदी कुठं टेकवायची ते मी सांगणार."

मालक बांधावरच्या जांभळाकडं बोट दाखवत होते, ते जवळ होतं. मी म्हटलं, जांभूळ नको. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं. आज ना उद्या भावजी विहिरीच्या कामासाठी तेही तोडतील, मग पुन्हा फांद्या टेकवत हिंडायचं का? ओढ्याच्या कडेला उंबराचं कोवळं झाड होतं. उंबराला आमच्या मुलखात कुणी कुऱ्हाड लावत नाही, अडाणी लावत नाही आणि शहाणाही लावत नाही. पोर एकदा तिथं गेलं की गेलं. एवढं काही तिला सुचलं नसतं.

आदल्या सांजंला मी जावळीच्या रीतीनं तांदूळ ठेवले. सकाळी आम्ही दोघांनी फांदी ओढली. उंबर लांब, फांदी पोचेना. फांदीला फांदी जोडावी लागत होती, ती निसटत होती. तेवढ्यात पाठीमागून दीर आले. आता टर उडवणार, म्हणून मी पदर खोचून तयार होते. त्यांनी खांद्यावरचं सुंभ खाली टाकलं.

"बांधा नीट," ते म्हणाले. "मधी तुटलं तर वाटंत पडायचं." मग नांद्रुकाला टेकवलेलं टोक उचलून ते झाडाला वळसा घालून पलीकडं गेले. "हितं न्हाई वैनी. ह्या अंगाला ठिवलंय. वर दगुड हुता, पावसात गेला."

एवढी वर्षं मी झाडाच्या चुकीच्या बाजूला बसत होते.

दिरांनी ते टोक तिथं टेकवलं आणि उठले तेव्हा तोंड फिरवून उभे राहिले. मालकांनी हात जोडले. मी फांद्यांच्या कडेकडेनं उंबरापर्यंत चालत गेले, शेवटचं टोक उंबराच्या खोडाला धरलं आणि म्हटलं, ये. दुसरं काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्यात यासाठी शब्द नाहीत. तिच्यात असतील.

घरी येताना मी मालकांना म्हटलं, "उंबर मी निवडला. तुमच्या बाईनं जांभूळच सांगितलं आसतं."

ते थोडं चालले. मग म्हणाले, "राग मानू नगंस. तिनं अडवलेलं झाड उंबराच्याच जातीचं हुतं. तशीच बारकी फळं, खोडाला चीक. त्यांच्यात बी त्येलाच मान."

म्हणजे तिथंही ती माझ्याआधी पोचली होती.

विहिरीला पाणी चांगलं लागलं. नांद्रुकाच्या लाकडाचा फारसा उपयोग नव्हता, ते जळणाला गेलं. पुढच्या अक्षय तृतीयेला घरात थोरांच्या नावानं पाण्याचे घट पुजले, तेव्हा मी एक वाडगं आंबील घेऊन उंबराकडं निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "तान्ह्याचं काय करत न्हाईत गं आपल्यात." मी म्हटलं, "न्हाईत करत." आणि गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनीच पीठ भिजवून ठेवलं. नंतर मला तीन मुलं झाली, ती सगळी त्याच उंबराखाली खेळली आणि फळं खाऊन त्यांची पोटं बिघडली.

मालक जाऊन बरीच वर्षं झाली. उंबर आता दोघांच्या कवेत मावत नाही. मी अजून अक्षय तृतीयेला वाडगं नेते. आंबील आंबटच करते. मला स्वतःला ती आवडत नाही, कधीच आवडली नाही. पण पोरानं दुसरी कुठली चव पाहिलेली नाही, आणि आता ती बदलायची म्हणजे ती बाई माझ्या मनातून गेली असं होईल. ती काही गेलेली नाही.