म्हशीच्या घशातला हात

आमच्या सासूबाईंचा हात फार लहान आहे. सव्वादोनच्या बांगड्याही त्यांना सैल होतात. अंबरपेठेत आमच्या आणि पलीकडच्या गल्लीत मिळून जे चार-दोन गोठे उरलेत, त्या सगळ्यांना हा हात ठाऊक आहे. कुणाच्या म्हशीच्या घशात आंब्याची कोय अडकली, मक्याचं कणीस अडकलं, की माणूस आमच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "अम्मा, जरा आते क्या?" मग आत्याबाई बांगड्या काढून माझ्याकडे देतात, कोपरापर्यंत गोडं तेल चोळतात आणि जातात. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणायची रीत, सासऱ्यांना मामा.

मी देगलूरकडची. वडील गेले त्या वर्षी आठवीतून शाळा सुटली, आणि अठरा पुरी झाली तेव्हा हे स्थळ आलं. हैदराबादचं, सात म्हशींचं, स्वतःच्या घराचं. आईला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. या लोकांनी काही म्हणजे काही मागितलं नाही. उलट लग्नात आईलाच लुगडं नेसवलं. ते मी विसरू शकत नाही, आणि त्यानंच माझ्या जिवाला घोर लागला. इतकं चांगलं मिळालंय, आता आपल्या हातून एक मोठी चूक झाली की हे सगळं जाईल, असं सारखं वाटायचं. म्हणून मी चुका लपवायला लागले.

लहान लहान चुका होत्या. आमच्याकडे दोन्ही वेळचं दूध मोठ्या पातेल्यात तापतं, घरासाठी, विरजणासाठी, तुपासाठी. एकदा ते तळाला लागलं. मी वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं, पातेलं राखेनं घासलं आणि गप्प बसले. संध्याकाळी आत्याबाईंनी चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "खरवड तरी मला ठेवायची होतीस, पोरी. मला आवडते ती." बस, तेवढंच. मला वाटलं आपण वाचलो. त्यांनी मला सावरून घेतलं होतं हे कळायला पुढं बराच काळ गेला.

सकाळी मामा कॅन घेऊन सुलतान बाजारात जायचे. तिथल्या जुन्या मराठी घरांत आमचे रतीब आहेत. आमचे हे मोटरसायकलवर दिलसुखनगरला जायचे, मुलांच्या हॉस्टेलांमध्ये. घरी आत्याबाई आणि मी. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती म्हशींची. सात तुकडे करायचे आणि हातानं एकेकीच्या तोंडात द्यायचे. त्यांच्या खरखरीत जिभेचा चटका माझ्या तळहाताला सवयीचा झाला होता. दावणीत शेवटी एक गाभण म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं दूध आटलं होतं, दिवाळीच्या आगेमागे ती व्यायची होती. तिला भाकरीचा तुकडा जरा मोठा मिळायचा.

भाद्रपदात एके सकाळी मी गोठ्याच्या मागच्या फाटकातून गवताचा भारा आत घेत होते. ते फाटक मुसी नदीच्या अंगाला उघडतं, तिकडूनच आमचं गवत येतं. मामांचा एकच नियम होता, फाटकाला साखळी घालायची. आत गॅसवर दूध होतं. ते वर यायचा वास आला आणि मी भारा तिथंच टाकून पळाले. दूध उतू गेलंच. मी शेगडी पुसत होते तेव्हा गोठ्यातून म्हैस ओरडली.

कुत्रं कधी आत आलं ते मी पाहिलं नाही. तांबडं, हाडकुळं होतं. त्या गाभण म्हशीनं गव्हाणीत तोंड घातलं होतं आणि हे तिच्या नाकाला लोंबत होतं. मी खराटा घेऊन धावले. पाठीत फटके घातले, डोक्यात घातले. कुत्रं केकाटलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. सोडलं, वळलं, आणि आलं तसं सरळ फाटकातून निघून गेलं, जबडा लोंबत. खराट्याचा मार बसूनही न ओरडणारं कुत्रं मी कधी पाहिलं नव्हतं.

आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मी आधी साखळी घातली. मग शेगडी पुसून घेतली. मग म्हशीच्या नाकपुडीजवळ तेलात कालवलेली हळद लावली. दोनच दातांच्या खुणा होत्या.

संध्याकाळी मामांच्या लक्षात आलं. "हिच्या नाकाला काय लागलं?"

"गव्हाणीचा पत्रा लागला असंल," मी म्हणाले.

मामा हातोडी घेऊन आले आणि गव्हाणीच्या कडेचा पत्रा ठोकत बसले. चांगला अर्धा तास. मी ओट्याशी अंबाडीचा पाला निवडत होते आणि त्या पत्र्यावर पडणारा एकेक ठोका ऐकत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर फाटक आलं, फाटक आलं तर उतू गेलेलं दूध आलं.

आठवड्यानं भाजीवाली सांगत होती की नदीच्या अंगाला एका कुत्र्यानं दोन शेळ्यांना फाडलं आणि महापालिकेची गाडी येऊन ते घेऊन गेली. "तांबडं होतं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "मैं नै देखी. तुमकू क्या करना?" मी पावशेर मिरच्या घेतल्या आणि आत आले. आमच्या गावात पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेली एक गाय मी लहानपणी पाहिली होती. तिला लांबूनच पाहू द्यायचे. तिचा आवाज मला आठवत होता, पण मी तो आठवायचा नाही असं ठरवलं. हिची जखम तर भरली होती. म्हैस खात होती, रवंथ करत होती. मी रोज बघत होते.

आत्याबाईंच्या डोक्यात मात्र खरवस होता. "हिचा चीक आला की यंदा तू करायचा," त्या म्हणायच्या. "पहिल्या दिवसाचा चीक दाट असतो, त्यात दूध जास्ती घाल, नाहीतर रबर होतं. गूळ आपला नांदेडचा. वरून वेलची." चीक आमच्याकडे विकत नाहीत, वाटतात. शेजारची तेलुगू बाई येता-जाता विचारायची, "जुन्नू कब है?" खरवसाला ती जुन्नू म्हणते. आत्याबाई म्हणायच्या, "इस बार हमारी बहू बनाती." मी हसायचे. म्हशीचं पोट रोज थोडं खाली उतरत होतं.

दसरा झाला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी भाकरीचा तुकडा पुढं केला आणि म्हशीनं तो घेतला नाही. हुंगलासुद्धा नाही. दुपारपर्यंत तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. बादली पुढं केली तर तोंड बुडवायची, पण पाणी कमी होईना. मान लांब करून घोगरं ओरडायची.

"घशात अडकलंय काहीतरी," मामा म्हणाले.

आत्याबाईंनी मला विचारलं, "काल गव्हाणीत काय टाकलंस?"

"दुधीच्या साली. मुळ्याचा पाला. शेवटी कणसं होती, मक्याची."

"मग कणीसच."

त्यांनी बांगड्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. तेलाची वाटी घेतली.

मला त्या क्षणी सगळं माहीत होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की तेव्हा कुठं खात्री होती, पण खरं सांगायचं तर होती. मी म्हणाले, "आत्याबाई, नको ना. डॉक्टरला बोलवू."

"डॉक्टर येईस्तोवर जीव जाईल तिचा. पोटात रेडकू आहे. तू नक्को परेशान होऊ, दावं धर."

मी दावं धरलं. मामांनी जबडा फाकवला. आत्याबाईंचा हात मनगटापर्यंत आत गेला, मग कोपराच्या जवळ. त्या डोळे मिटून चाचपत होत्या, धान्यातला खडा शोधावा तशा. म्हैस थरथरत होती. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसतं भट्टीसारखं गरम आहे." हात बाहेर आला तेव्हा मनगटावर दाढेचा ओरखडा होता, दोन बोटं लांब, लाळेखाली लाल. त्यांनी बादलीत हात विसळला, पदराला पुसला, माझ्याकडून बांगड्या घेतल्या आणि भाकरी करायला बसल्या. मी त्यांना साबण आणून दिला. "हात धुतलेत की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तेल राहिलंय." तेवढंच मला जमलं.

त्या दिवशी रात्रीचं जेवण कढी आणि भाकरी होतं. कुणीच धड जेवलं नाही, आणि सगळे म्हशीसाठीच जेवत नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं खुंटा दातांनी चावला. लाकडाच्या ढलप्या निघाल्या. आवाज बसला, तरी ती ओरडतच होती, तोंड उघडायची आणि आतून फक्त हवा यायची. मामा तिला लांबूनच पाणी मारत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, मोठ्या आवाजावर. मी पीठ मळत होते.

"कुत्ता काटा था क्या इसकू? दो-तीन महिने में?" डॉक्टरनं विचारलं.

"नै साब," मामा म्हणाले. "कुत्ता-वुत्ता कुछ नै. नाकाला पत्रा लगा था एक दिन, बस."

"पक्का?"

"पक्का."

"फिर गला होगा. कल सुबह आता मैं."

फोन बंद झाला. मामा गोठ्यात गेले. जे खोटं मी बोलले होते ते आता त्यांच्या तोंडून, त्यांच्या भरवशावर डॉक्टरपर्यंत पोचलं होतं, आणि आत्याबाई माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. ओरखड्यावर खपली धरली होती. त्या ती नखानं खाजवत होत्या.

"आत्याबाई, कुत्रं आलं होतं," मी म्हणाले.

त्यांचं खाजवणं थांबलं. "कधी?"

"भाद्रपदात. तुम्ही शेजारी होता तेव्हा. नाकाला चावलं. पत्रा नव्हता."

"आलं कुठून?"

"फाटकातून. मीच साखळी घातली नव्हती. दूध वर आलं होतं."

त्या जरा वेळ हाताकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं, माझ्या परातीवर ओला फडका टाकला, गॅस बंद केला. "चपला घाल," म्हणाल्या. "मामांना मी सांगते. तुलाही चाटलंय तिनं रोज."

रिक्षात त्या मधे बसल्या होत्या, एका बाजूला मामा, एका बाजूला मी. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्या समोर बघतच म्हणाल्या, "दोन दिवस गेले, पोरी."



दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. तिनं ओरखडा पाहिला, खपली पाहिली आणि विचारलं, "दो दिन कायकू रुके, अम्मा?"

"काम था," आत्याबाई म्हणाल्या.

आम्हा तिघांनाही इंजेक्शनं झाली. आत्याबाईंना मनगटात, थेट जखमेभोवती, पुन्हा पुन्हा सुई टोचली. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या. एकदाच त्यांनी माझा दंड धरला, आणि मग सोडला. डॉक्टर म्हणाली, उशीर झालाय पण फार नाही, ठरलेल्या सगळ्या तारखा पाळा, एकही चुकवू नका. मी त्या तारखा तिथंच पाठ केल्या.

म्हैस दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, गुरांचे डॉक्टर येऊन गेल्यावर. त्यांनी आम्हाला गोठ्याच्या दाराशीच उभं केलं होतं. ती पडली तरी तिचं पोट थोडा वेळ हलत होतं असं मामा म्हणाले. मी पाहिलं नाही. खोल खड्डा खणून चुना टाकून तिला पुरलं. शेजारच्या बाईनं त्या महिन्यात जुन्नूबद्दल विचारलं नाही.

सगळ्या तारखा आम्ही पाळल्या. शेवटच्या इंजेक्शननंतर डॉक्टर म्हणाली, आता काळजी नको. मामांना ते पटलं, यांना पटलं. मला पटेना. पाण्याची भीती वाटायला लागते, घोट गिळवत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि ते महिन्यांनीही होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी रोज सकाळी आत्याबाईंना चहाच्या आधी तांब्याभर पाणी नेऊन द्यायला लागले. त्या पीत असताना मी तिथंच काहीतरी आवरत राहायचे, चादर, उशी, आणि त्यांचा गळा बघायचे. घोट खाली उतरला की पुढचा घोट.

संक्रांतीच्या सुमारास एकदा त्यांनी तांब्या हातात घेतला आणि प्यायल्याच नाहीत. माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

"किती दिवस बघणार आहेस?" त्यांनी विचारलं.

मी चादर खाटेवर ठेवली.

"तू माझा गळा बघतेस हे मला कळलं होतं, पाणी आणायला लागलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच. तहान नसली तरी पिते मी. तुझ्यासाठी." मग म्हणाल्या, "यापुढं फाटक उघडं राहिलं, दूध उतू गेलं, काहीही झालं तर पहिल्यांदा मला सांगायचं. मारलं तर मार खा. पण सांग."

"हौ," मी म्हणाले.

त्यांनी तांब्या तोंडाला लावला. मी चादर घडी घालायला घेतली आणि तरीही मान वर करून बघितलं. त्यांनीही पिता पिता माझ्याकडे बघितलं, आणि पाणी संपेपर्यंत थांबल्या नाहीत.